समन्वयाच्या अडचणी असलेल्या मुलांची फिजिओथेरपी : सराव कशाचा करावा?

मूळ लेख : धागाकर्ती (बालफिजिओथेरपिस्ट)

हातापायांत पुरेसा जोर आहे, नजर चांगली आहे, बुद्धी वयाला साजेशी आहे, आणि तरीही सात-आठ वर्षांच्या मुलाला शर्टाची बटणे लावायला फार वेळ लागतो, सावकाश टाकलेला चेंडूही झेलता येत नाही, जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवावे लागतात आणि वहीतले अक्षर ओळीवर राहत नाही. अशा मुलाला घरी वेंधळे आणि वर्गात आळशी म्हटले जाते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजेच डीसीडी, असे नाव आहे; काही पालकांनी डिस्प्रॅक्सिया हे नाव ऐकले असेल. शाळकरी मुलांमध्ये तिचे प्रमाण साधारण ५ ते ६ टक्के मानले जाते, त्यामुळे मोठ्या वर्गात असे एखाददुसरे मूल असतेच असे धरून चालायला हरकत नाही. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये निदान अधिक वेळा होते, आणि मुदतीच्या बरेच आधी किंवा फार कमी वजनाने जन्मलेल्या मुलांमध्ये ही अडचण अधिक आढळते.

निदानाबद्दल थोडक्यातच सांगते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत चार अटी आहेत. हालचालींची कौशल्ये वयाच्या आणि मिळालेल्या संधीच्या मानाने बरीच मागे असावीत. त्यामुळे रोजच्या कामांत, अभ्यासात किंवा खेळात खरोखर अडथळा येत असावा. सुरुवात लहानपणीच झालेली असावी. आणि बौद्धिक अक्षमता, दृष्टिदोष किंवा सेरेब्रल पाल्सीसारखा मज्जासंस्थेचा आजार हे त्याचे खरे कारण नसावे. यांतली संधीची अट पुष्कळदा विसरली जाते. ज्या मुलाला कधी पळायला, चढायला, कात्री धरायला मिळालेच नाही, त्याला आधी ती संधी द्यायला हवी. मूव्हमेंट एबीसी या चाचणीत हातांचे बारीक काम, चेंडू टाकणे-झेलणे आणि तोल ही तीन अंगे तपासली जातात; पण केवळ चाचणीतल्या गुणांवर निदान होत नाही, पालक आणि शिक्षक काय सांगतात तेही तितकेच मोलाचे असते. रक्ताच्या तपासणीत किंवा मेंदूच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये डीसीडी दिसत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे मूल मुद्दाम करते’ असा अर्थ जेव्हा काढला जातो, तेव्हा त्या मुलावर मोठा अन्याय होतो.

माझा मुख्य विषय उपचाराचा आहे. या क्षेत्रात बरीच वर्षे दोन विचार शेजारी शेजारी नांदत आले आहेत. पहिला विचार असा की मुळाशी कोणती तरी उणीव आहे, म्हणजे तोल कच्चा आहे, धड सैल आहे, संवेदनांचा मेळ बसत नाही. ती उणीव भरून काढली की बटणे, सायकल, अक्षर हे सारे आपोआप सुधारेल. दुसरा विचार असा की जे काम मुलाला जमत नाही, तेच काम नीट विचारपूर्वक शिकवावे. स्मिट्स-एंगल्समन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा प्रत्यक्ष कामावर आधारलेल्या पद्धतींचा परिणाम ठळक दिसला आणि केवळ मूळ उणिवेवर काम करणाऱ्या पद्धतींचा परिणाम क्षीण. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचाही कल त्याच बाजूला आहे.

असे का व्हावे, हे समजून घेतले तर घरचा सरावही सुधारतो. आपण एखाद्या वस्तूकडे हात नेतो तेव्हा मेंदू त्या हालचालीचा परिणाम हात पोहोचण्याआधीच अजमावतो आणि चूक होणार असे वाटताच वाटेतच दुरुस्ती करतो. डीसीडी असलेल्या मुलांमध्ये हा आगाऊ अंदाज कच्चा असतो, या मताला बऱ्याच प्रयोगांचा आधार आहे. अंदाजावर विसंबता येत नाही म्हणून मूल प्रत्येक टप्पा डोळ्यांनी तपासत जाते. त्यात वेळ जातो, दमणूक होते, आणि चेंडूसारखी गोष्ट तर तोवर निघूनही गेलेली असते. हा अंदाज ज्या त्या कामातच घडतो. डुगडुगत्या फळीवर उभे राहण्याचा अंदाज फळीवर घडतो, सायकलच्या हँडलचा अंदाज सायकलवरच घडतो. फळीवर मिळालेले यश सायकलपर्यंत पोहोचेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि या मुलांमध्ये तर शिकलेले एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे हेच अवघड असते.

सायकलचेच उदाहरण पुढे नेते, कारण बहुतेक मुलांना ती शिकायची असते. मागे लावायची दोन छोटी आधारचाके तोल शिकवत नाहीत. सायकल कलू लागली की ती तिला धरून ठेवतात, त्यामुळे कलण्याच्या दिशेला हँडल वळवून सावरणे हा जो सायकलचा गाभा आहे, तो मुलाला कधी अनुभवायलाच मिळत नाही. त्याऐवजी पायडल काढून टाकावे आणि दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्यावी. मूल आधी बसून चालते, मग ढकलत जाते, मग पाय उचलून थोडे अंतर तरंगत जाते. वळणे आणि थांबणे जमले की पायडल परत लावावे. या सगळ्यात ‘पाठ सरळ ठेव, कोपर सैल सोड’ अशा शरीराकडे लक्ष वेधणाऱ्या सूचना कमी कराव्यात आणि ‘त्या झाडाकडे बघत जा’ अशी बाहेरच्या गोष्टीकडे लक्ष नेणारी सूचना द्यावी. तिने हालचाल बहुधा अधिक सहज होते. प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच चूक सांगण्याची घाई करू नये. ‘काय झालं असं तुला वाटतं?’ असे विचारून थोडे थांबावे, मुलाला स्वतः शोधू द्यावे.

आपल्या मुलांचे अनुभव, अडचणी आणि मतभेदही इथे अवश्य लिहावेत.

प्रतिसाद : एक आई

ताई, लेख वाचून बराच वेळ स्वस्थ बसवले नाही, म्हणून लिहिते आहे. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. गेले काही महिने आम्ही एका उपचारकेंद्रात नियमित जातो. तिथे मोठ्या चेंडूवर बसणे, डुगडुगत्या फळीवर उभे राहणे, पालथे पडून हात-पाय उचलून धरणे असे व्यायाम होतात. फळीवर ती आता खूप छान उभी राहते आणि याचे आम्हाला कौतुकही वाटते. पण शाळेत खेळाच्या तासाला कपडे बदलताना ती अजूनही सर्वांत शेवटी राहते, बुटाची नाडी आम्हीच बांधतो, आणि मैत्रिणी दोरीच्या उड्या मारतात तेव्हा ती बाजूला उभी राहून मोजण्याचे काम घेते. हे महिने वाया गेले का? आणि घरी करायला दिलेले व्यायाम करून घेताना रोज वाद होतात, ते थांबवावेत का? ती हट्टी नाही, पण ‘याने काय होणार?’ असे तिने विचारले की माझ्याकडे उत्तर नसते.

प्रतिसाद : धागाकर्ती

वाया गेले असे मी म्हणणार नाही. तिचे धड आणि पाय बळकट झाले असतील, अनोळखी हालचालींची भीती कमी झाली असेल, आणि प्रयत्नाने एखादी गोष्ट जमते हा अनुभव तिला मिळाला आहे. पण तिचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि उत्तर शोधण्याची जबाबदारी आपणा मोठ्यांची आहे.

पुढच्या भेटीत आपल्या थेरपिस्टशी मोकळेपणाने बोला. ‘हे तीन महिने कोणत्या कामासाठी आहेत आणि ते काम सुधारले हे आपण कसे ओळखणार?’ एवढे विचारले तरी पुरे. चांगल्या थेरपिस्टला हा प्रश्न आवडतो. ध्येय मुलीला विचारून ठरवावे, आणि ते असे असावे की पूर्ण झाले की नाही हे कुणालाही पाहून सांगता येईल. ‘समन्वय सुधारणे’ हे ध्येय नव्हे; ‘शाळेत जाताना दोन्ही बुटांच्या नाड्या स्वतः बांधणे’ हे ध्येय आहे. एका वेळी दोन किंवा फार तर तीन ध्येये घ्यावीत. पालकांना अक्षर सुधारायचे असते आणि मुलाला सायकल चालवायची असते, हे नेहमीचेच आहे. अशा वेळी मी निदान एक ध्येय निखळ मुलाच्या पसंतीचे घेतेच, कारण सराव शेवटी त्यालाच करायचा असतो.

घरच्या वादांबद्दल सांगायचे तर व्यायामाची वेगळी तासिका शक्य तिथे मोडून टाका आणि सराव ज्या वेळी ते काम खरोखर करायचे असते त्याच वेळी आणा. नाडी बांधण्याचा सराव बाहेर निघण्याच्या गडबडीत मात्र नको. संध्याकाळी बूट मांडीवर किंवा टेबलावर ठेवून, दोन वेगवेगळ्या रंगांच्या, जराशा जाड नाड्या घेऊन, पाच-दहा मिनिटे. सुरुवातीच्या सगळ्या पायऱ्या आपण करून शेवटचा फास तिने ओढायचा, तो जमला की त्याच्या आधीची पायरी तिच्याकडे द्यायची. अशा उलट क्रमाने शिकवले की प्रत्येक प्रयत्नाचा शेवट बांधलेल्या नाडीने होतो. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज थोडे केलेले अधिक टिकते.

प्रतिसाद : एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट

धागाकर्तींच्या मुख्य म्हणण्याशी मी सहमत आहे, तरी दोन-तीन गोष्टींत थोडा तोल हवा असे वाटते. पहिली गोष्ट पुराव्याची. प्रत्यक्ष कामावर आधारलेल्या उपचारांचा कॉक्रेन आढावा, म्हणजे उपलब्ध अभ्यास एकत्र आणून काटेकोरपणे तपासणारा आढावा, २०१७ मध्ये निघाला आणि त्यात पुराव्याची प्रत कमी दर्जाची असल्याचे स्पष्ट म्हटले होते. अभ्यास लहान आहेत, आणि कोणता उपचार चालू आहे हे मुलापासून वा थेरपिस्टपासून लपवता येत नाही. दिशा योग्य आहे, पण प्रत्येक मुलात किती फरक पडेल हे आधी ठामपणे सांगता येत नाही, आणि पालकांना ते तसेच सांगायला हवे.

दुसरी गोष्ट, काही मुलांचे सांधे फार लवचिक असतात, काहींची दमछाक लवकर होते. अशा मुलाला पेन्सिल धरण्याचे तंत्र शिकवले तरी बोटे टिकत नाहीत. तिथे ताकद आणि दम यांवर काम करावेच लागते. फक्त ते कोणत्या कामासाठी चालले आहे हे थेरपिस्टला आणि मुलाला माहीत असावे. काही मुलांना शर्टाची कॉलर टोचते, गोंगाटात त्यांचे लक्ष उडते. याची दखल घेऊन कपडे, जागा, वेळ यांत बदल करणे मला आवश्यक वाटते. झोपाळ्यावर झुलवल्याने अक्षर सुधारेल, असे मात्र मीही पालकांना सांगत नाही.

तिसरी गोष्ट पद्धतीच्या निवडीची. मुलानेच ध्येय ठरवावे, योजना आखावी, कृती करावी आणि योजना चालली का ते तपासावे, हा चार पायऱ्यांचा क्रम कॅनडात हेलेन पोलाटाज्को आणि अँजेला मँडिच यांनी विकसित केलेल्या को-ऑप पद्धतीचा कणा आहे. ती मला फार प्रिय आहे, कारण थेरपिस्ट नसतानाही मूल तो क्रम वापरू शकते. पण त्यासाठी मुलाला स्वतःच्या कृतीबद्दल बोलता यावे लागते. फार लहान किंवा भाषेत मागे असलेल्या मुलासाठी नेदरलँड्समध्ये विकसित झालेले न्यूरोमोटर टास्क ट्रेनिंग मला अधिक सोयीचे वाटते. त्यात मूल कुठे अडते हे थेरपिस्ट पाहते आणि काम, साधन किंवा परिसर टप्प्याटप्प्याने सोपा-अवघड करत जाते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी की डीसीडी असलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये एडीएचडीही, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांची अडचणही, आढळते. लक्ष टिकत नसेल तर केवळ सराव वाढवून भागत नाही, त्या अडचणीचे स्वतंत्र मूल्यमापन आणि उपचार व्हावे लागतात.

प्रतिसाद : धागाकर्ती

आपल्या तिन्ही मुद्द्यांबद्दल मनापासून आभार. लवचिक सांध्यांचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता. पुराव्याच्या मर्यादेबद्दल एवढेच जोडते की म्हणूनच प्रत्येक मुलासाठी सुरुवातीची नोंद आणि ठरलेल्या मुदतीनंतरची नोंद ठेवणे अत्यावश्यक ठरते. ‘ठीक चाललं आहे’ यावर वर्ष काढू नये. दहा-बारा आठवड्यांत ठरवलेल्या कामात काहीच हालचाल दिसली नाही, तर ध्येय, पद्धत किंवा निदान यांपैकी काहीतरी पुन्हा तपासायला हवे, हा माझा स्वतःचा दंडक आहे.

प्रतिसाद : शारीरिक शिक्षणाचे एक शिक्षक

माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुले असतात हे या लेखामुळे नीट उमगले. आजवर त्यांना मी ‘लक्ष दे, चेंडूकडे बघ’ असेच सांगत आलो. ती बघत असतात हे मला दिसते, तरी चेंडू छातीवर आदळतो किंवा हात मिटण्याआधी निसटतो. पस्तीस-चाळीस मुलांच्या तासात मला वेगळा उपचार करता येणार नाही, याची जाणीव आहे. पण निदान त्या मुलांचे नुकसान होऊ नये यासाठी काय करावे? संघ निवडताना शेवटी उरणारे मूल दरवेळी तेच असते, हे मला मनापासून खटकते.

प्रतिसाद : धागाकर्ती

सर, संघ तुम्हीच पाडा. नायकांनी एकेक गडी निवडण्याची पद्धत सोडली तर त्या मुलाच्या आठवड्यातला सर्वांत कठीण क्षण कमी होतो, आणि त्याला काही साधन लागत नाही.

झेलण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. या मुलांचा वेळेचा अंदाज चुकतो, म्हणून आधी वेळ वाढवून द्यावी. फुगा हवेत रेंगाळतो, त्यानंतर हलका मोठा चेंडू, तो आधी जमिनीवर एक टप्पा घेऊन येणारा, मग थेट आणि मग लहान. अंतर आणि वेग एकाच वेळी बदलू नयेत. टाकणारा मुलगा नेमका टाकणारा असावा, नाहीतर झेलणाऱ्याला शिकायला काही स्थिर असे मिळतच नाही. चेंडू येण्याआधी दोन्ही हात पोटासमोर तयार ठेवून उभे राहणे ही सवय बरीच कामाला येते. हे सारे दोघा-दोघांच्या जोड्यांत सगळ्या वर्गाला करायला दिले, आणि चेंडूचा आकार व अंतर ज्याने त्याने निवडायचे ठेवले, तर कुणाला वेगळे काढल्यासारखे होत नाही.

खेळ निवडतानाही एक भेद लक्षात ठेवावा. ज्यात परिस्थिती क्षणाक्षणाला बदलते, म्हणजे चेंडू, प्रतिस्पर्धी, सोबती सारेच हलत असतात, तो खेळ या मुलांसाठी सर्वांत कठीण असतो. पोहणे, धावणे, सायकल, चढाई, ठरावीक क्रमाने शिकवले जाणारे युद्धकलेचे प्रकार यांत मुलाला स्वतःचा वेग राखता येतो. ही निवड केवळ सोयीची नाही. समन्वय नाही म्हणून मूल खेळत नाही, खेळत नाही म्हणून दम आणि ताकद घटते, वजन वाढते, आणि मग खेळणे आणखी अवघड होते. या मुलांमध्ये स्थूलता, चिंता आणि खिन्नता अधिक आढळते हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. त्या ६० मिनिटांपासून सर्वांत दूर राहिलेली मुले हीच असतात.

प्रतिसाद : एक बालरोगतज्ज्ञ

चर्चा उत्तम चालली आहे. पालकांच्या आणि शिक्षकांच्या सावधगिरीसाठी एक भर घालतो. डीसीडीमध्ये मूल मागे असते, पण हळूहळू का होईना पुढेच जात असते. येत असलेले कौशल्य जाऊ लागले, मूल अलीकडेच अधिक अडखळू लागले, शरीराची एकच बाजू कमकुवत किंवा ताठ वाटली, सकाळी डोकेदुखी आणि उलट्या होऊ लागल्या, तर त्याला समन्वयाची अडचण समजून थांबू नये. मुलगा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवत स्वतःला वर ढकलत असेल, पोटऱ्या जाड दिसत असतील, जिना चढणे दिवसेंदिवस कठीण होत असेल, तर स्नायूंचा आजार, विशेषतः डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, आहे का हे पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिन कायनेज तपासणे साधे आणि निकडीचे आहे. आणि कोणत्याही निष्कर्षाआधी डोळे व कान तपासून घ्यावेत.

प्रतिसाद : चार वर्षांच्या मुलाचे वडील

आमच्या मुलाला उडी मारता येत नाही, चमचा धरता येतो पण सांडतो फार, आणि पायडलची तीनचाकी अजिबात जमत नाही. डॉक्टरांनी मोठा कोणताही आजार नाही असे सांगितले आहे. निदान पाचव्या वर्षानंतर होते असे वाचनात आले. मग वर्षभर नुसते थांबायचे का?

प्रतिसाद : ऑक्युपेशनल थेरपिस्ट

पाच वर्षांआधी निदान सहसा टाळतात, कारण त्या वयात मुलांच्या वाढीच्या गतीत फार फरक असतो आणि आज मागे असलेले मूल वर्षाने बरोबरीला येऊ शकते. निदान लांबवावे, मदत लांबवू नये. सांडण्याबद्दल पाहायचे तर त्याचे पाय लोंबकळत आहेत का ते पहा. पाय टेकायला पाट, टेबल कोपराच्या उंचीला, जाड मुठीचा चमचा आणि घसरणार नाही असे भांडे, एवढ्यानेही पुष्कळदा फरक पडतो. उडीसाठी आधी खालच्या पायरीवरून दोन्ही हात धरून उतरू द्या, मग एक हात धरून. मुले एकत्र खेळतात तिथे त्याला नियमित न्या. सहा महिन्यांनी पुन्हा मूल्यमापन करून घ्या.

प्रतिसाद : एक प्रौढ वाचक

मी स्वतः या अडचणीसह मोठा झालो आणि निदान बऱ्याच उशिरा झाले. मोठेपणी हे आपोआप जाते, असा समज दिसतो, म्हणून लिहितो. माझ्या बाबतीत ते गेले नाही. मी त्याच्याभोवती मार्ग काढायला शिकलो. गाडी शिकायला इतरांपेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागला आणि शेवटी गिअर न बदलावे लागणारी गाडी निवडली. टंकलेखन शिकल्यावर लिहिण्याचा सगळा जाच संपला, आणि तोवर माझ्याकडे लिहिण्यासारखे काही नाही असे मानणाऱ्या शिक्षकांचे मत बदलले. पालकांना एक विनंती आहे. अक्षराच्या सरावासोबत कीबोर्ड आणि परीक्षेत जादा वेळ यांची मागणी लवकर करा. ती दिल्याने मूल प्रयत्न सोडत नाही. मला सर्वांत जास्त दुखावले ते पडण्याने नाही, ‘नीट प्रयत्न कर’ या वाक्याने, कारण मी तो करतच होतो.

प्रतिसाद : धागाकर्ती

आपण लिहिलेत हे फार बरे झाले. डीएसएम-५ नुसार सुमारे ५० ते ७० टक्के मुलांमध्ये अडचणी पुढेही टिकतात. म्हणूनच काम शिकवणे आणि काम सोपे करणे या दोन्ही गोष्टी उपचारात सारख्याच मानाच्या आहेत. वेल्क्रोचे बूट घातले म्हणून नाडीचा सराव बंद करावा लागत नाही. शाळेसाठी वेल्क्रो आणि घरी नाडी, असे दोन्ही चालू शकते.

प्रतिसाद : एक आई

आमच्या थेरपिस्टशी बोलले. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि मुलीलाच समोर बसवून विचारले. तिने नाडीचे नाव घेतले नाही, दोरीच्या उड्या म्हणाली. दोरी तिच्या पायात अडकते, आणि दोन-तीनदा अडकली की ती दोरी टाकून देते. घरी सराव करताना मी काय पाहावे आणि काय बोलावे, ते जरा सविस्तर सांगाल का?

प्रतिसाद : धागाकर्ती

तिने निवडले याचा मला फार आनंद झाला. आधी दोरीची लांबी पहा: दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून दोन्ही टोके वर ओढली की मुठी साधारण काखेपर्यंत याव्यात. फार हलकी दोरी हवेत कुठे आहे हे कळत नाही, म्हणून किंचित जड दोरी किंवा मण्यांची दोरी घ्या. ती जमिनीवर आपटल्याचा आवाज तिला वेळ सांगतो.

मग ती कुठे अडते हे तिच्याबरोबर शोधा. दोन-तीन मिनिटे मोबाइलवर चित्रीकरण करून तिलाच दाखवा आणि ‘दोरी पायाशी आली तेव्हा तू काय करत होतीस?’ असे विचारा. बहुतेक मुले हात आणि उडी एकाच क्षणी सुरू करतात, म्हणजे दोरी अजून डोक्यामागे असतानाच त्यांची उडी संपलेली असते. हे तिला स्वतःला दिसले तर योजना तीच सांगेल. ‘दोरी टप्पकन वाजली की उडी’ असे काहीतरी तिच्या शब्दांत. ते शब्द तिचेच राहू द्या, तुम्ही सुधारू नका. तिला दिसले नाही तर उत्तर सांगण्याऐवजी ‘माझ्याकडे बघ, मी उडी कधी मारते?’ असे म्हणून करून दाखवा, एकदा बरोबर आणि एकदा मुद्दाम चुकीचे.

अवघड वाटल्यास काम तोडा. दोरी दुहेरी घडी घालून एका हातात बाजूला फिरवायची आणि तिच्या आवाजाबरोबर जागच्या जागी उड्या मारायच्या. त्यानंतर दोरी अंगावरून पुढे आणून पायांपुढे थांबवायची आणि मग ओलांडायची. आधी थांबून, नंतर न थांबता. सलग एक उडी जमली की दोनचे ध्येय. अंक तीच ठरवील. सराव छोटा ठेवा आणि ती अजून ताजीतवानी असतानाच थांबवा. जागा आणि बूट अधूनमधून बदला, म्हणजे शाळेच्या मैदानावरही तेच जमेल.

योजना चालली नाही तर तिला तसे म्हणू द्या आणि दुसरी योजना विचारा. चुकली ती योजना, मुलगी नव्हे, हा भेद तुमच्या बोलण्यातून तिला जाणवू द्या. आठवड्यातून एकदाच सलग उड्यांची संख्या वहीत लिहा, रोज नको, कारण या मुलांची कामगिरी दिवसागणिक फार खालीवर होते आणि एका वाईट दिवसाचा आकडा उगाच मन मोडतो. मैत्रिणींसोबत ती पहिल्यांदा खेळायला जाईल तेव्हा लांब दोरी दोघींनी फिरवण्याचा प्रकार आधी निवडावा असे तिला सुचवून पहा. त्यात हातांचे काम दुसऱ्यांकडे असते आणि तिला फक्त उडीची वेळ सांभाळायची असते.